पहिला पिळा

डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहिली नाही. नुसते म्हणाले, "आता त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या."

बावीस वर्षे मुलांना वाक्याचा अर्थ फोड करून सांगण्यात ज्याने घालवली, त्याला या वाक्याचा अर्थ लागायला वेळ लागला नाही. तरीही मी वाद घातला. खावेसे वाटणे आणि खाल्लेले टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, पहिलीची मोकळीक देऊन दुसरीचा प्रश्न सुटत नाही, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या रोग्याला आत बोलावले. दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच माझ्या बायकोचे, वत्सलाचे, पोट उघडले होते आणि आत जे दिसले ते पाहून तसेच शिवून टाकले होते.

१९७८ सालचा डिसेंबर होता. शहरात, द्वारका नाक्याच्या अलीकडे, आमच्या वसाहतीतल्या दीड खोलीत सकाळी नऊपर्यंत ऊन येत नसे. वत्सला खिडकीखालच्या खाटेवर दोन गोधड्या घेऊन पडलेली असे, आणि त्या दोन गोधड्यांखाली माणूस आहे की नाही अशी शंका यावी इतकी ती बारीक झाली होती. दूध अर्ध्या तासात उलटून पडे. वरणाचे पाणी त्याहून लवकर. मी वहीत वेळा टिपून ठेवीत होतो. काय दिले, किती वाजता दिले, किती वाजता पडले. त्या वहीचा उपयोग काय, हे मला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते. आम्हाला मूल नाही. मी दिवसभर शाळेत असताना तिच्याजवळ शेजारच्या सुमनबाई बसत.

डॉक्टरांचे वाक्य मी तिला सांगितले नाही; एवढेच विचारले की काय खावेसे वाटते.

तिने गोधडी हनुवटीखाली ओढली. मग म्हणाली, "आंब."

"कसली आंब?"

"हरभऱ्याची. आई काढायची ती."

तिचे माहेर घोटीच्या पुढे, धरणाकाठी. हरभऱ्याच्या पाल्यावर एक आंबट-खारट द्रव असतो. अनवाणी पायाने शेतातून गेले तर पायांच्या भेगांना झोंबतो तोच. हिवाळ्यात संध्याकाळी झाडांवर फडके पसरून ठेवायचे, रात्रभर दव पडून पाल्यावरची आंब त्यात उतरते, आणि ऊन चढण्याआधी ते फडके पिळून घ्यायचे. ती बाटलीत वर्षभर टिकते. माझी सासू, धोंडाबाई, गावातल्या प्रत्येक पोटदुखीवर ती देत असे, आणि मी जावई या नात्याने प्रत्येक वेळी त्यावर व्याख्यान देत असे.

तसेच आताही दिले. "ते एक सौम्य आम्ल आहे, वत्सला. त्यात पोषण असे काही नसते."

"अहो, मी औषध म्हणून मागते का? तोंडाला चव नाही म्हणून मागते."

या उत्तरात खोडून काढण्याजोगे काही नव्हते.

माझे एक जुने धोतर होते. रोग्याच्या तोंडात जाणारी वस्तू ज्यातून निघायची ते कापड निर्जंतुक असले पाहिजे, म्हणून मी सुमनबाईंना ते धुण्याच्या सोड्यात दोनदा उकळून तसेच वाळत घालायला लावले. त्यांनी ते वाळत घातले तेव्हा गल्लीतल्या बायका थांबून पाहू लागल्या.

"गुरुजी," सुमनबाई म्हणाल्या, "एवढं पांढरं तर नवरदेवाचंसुद्धा नसतं. कुठं बोहल्यावर चढायचंय का?"

आतून वत्सला म्हणाली, "चढू देत की. पण अगोदर माझी आंब आणून द्या म्हणावं." आणि हसण्याच्या श्रमाने तिला खोकला आला.

उद्या दुपारपर्यंत परत येतो, असे तिला सांगून मी शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर निघालो. द्वारकेच्या नाक्यावर बस मिळाली. घोटीला उतरून दोन कोस चाललो.

वत्सलाच्या गावाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. बारा वर्षांपूर्वी ते पाण्याखाली गेले. माझे आणि वत्सलाचे लग्न ज्या अंगणात लागले ते अंगण, तिची पडवी, विहीर, सगळे. माणसे वरच्या माळावर आली. पण धरणाचे पाणी दिवाळीनंतर उतरू लागते, आणि जसजसे ते मागे सरकते तसतशी काठाची जमीन गाळाने काळी होऊन उघडी पडते. सरकार ती एका हंगामासाठी लावून देते. तिला गाळपेर म्हणतात. नांगरायचे नाही, पाणी द्यायचे नाही. ओल आहे तोवर बी टाकायचे आणि पाण्याच्या मागे मागे चालत जायचे. वत्सलाचा धाकटा भाऊ कोंडाजी दर वर्षी स्वतःच्याच बुडालेल्या जमिनीचा वरचा पट्टा असा चार महिन्यांसाठी परत घेत असे. यंदा त्याने तिथे हरभरा केला होता. खाली पाणी, वर माळ, आणि मधे तो हिरवा पट्टा. बाकी सगळे रान थंडीने करपून तांबूस झाले होते.

कोंडाजीने बहिणीबद्दल विचारले. मी डॉक्टरांचे वाक्य त्याला जसेच्या तसे सांगितले. तो खाली वाकून हरभऱ्याचा एक शेंडा खुडू लागला आणि खुडलेला शेंडा तसाच हातात धरून राहिला.

सूर्य टेकला तेव्हा मी पिशवीतून धोतर काढले. कोंडाजीने त्याचे टोक नाकाशी नेले.

"साबणाचा वास येतोय, दाजी."

"साबण नाही. सोडा. जंतू मरतात."

"आईचं फडकं हाय घरी. ते आणू का?"

"ते शेवटचे कधी धुतले?"

"ते धुवायचं नसतं. पाण्यातनं काढायचं नुसतं."

"मग नको. रोगी माणसाचा प्रश्न आहे."

"तुमचं फडकं, तुम्ही जाणा," तो म्हणाला आणि दुसरे टोक धरून त्याने ते माझ्याबरोबर झाडांवर अलगद पसरले.

पहाटे आकाश निरभ्र होते, आणि थंडी अशी की बोटे मिटत नव्हती. धोतर दवाने जड झाले होते; उचलताना त्यातून थेंब गळत होते. मी ते काचेच्या पेल्यावर पिळले. पेला भरला, वर आणखी अर्धा निघाला. मला इतका आनंद झाला की मी तिथे मोठ्याने बोललो. पेलाभर म्हणजे महिनाभराची सोय. महिनाभर म्हणजे, मी मनात हिशेब मांडू लागलो, महिनाभरात काय होणार नाही?

मग मी बोट बुडवून जिभेला लावले.

ते बुळबुळीत आणि बेचव होते. शेवटी किंचित कडवट.

आम्ल आणि अल्कली एकत्र आली की दोन्ही आपापले गुण गमावतात. सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा पाठ आहे. बावीस वर्षे मी तो लिंबाचा रस आणि धुण्याचा सोडा टेबलावर ठेवून शिकवीत आलो. आंब उतरली होती. रात्रभर थेंब थेंब उतरली होती. ती माझ्याच सोड्याने मारली होती.

कोंडाजीनेही बोट बुडवून चाखले आणि थुंकला. "दाजी, तुम्ही पोरांना शिकवता तरी काय?" तो हसत म्हणाला, मग त्याने माझ्याकडे पाहिले आणि त्याचे हसू विझले. पेला माझ्या हातातून घेऊन त्याने बांधावर ओतला.

दुपारपर्यंत परत येतो, असे मी सांगून आलो होतो. घोटीहून नऊची बस होती. रिकामा परत जावे, तर इतके दिवस काहीही न मागणाऱ्या बाईने मागितलेली एकमेव गोष्ट माझ्या टापटिपीमुळे हुकली, हे तिला सांगावे लागणार. राहावे, तर ती आज रात्री वाट पाहत असणार, आणि ज्या माणसाच्या रात्री मोजक्या उरल्या आहेत त्याची एक रात्र मी न सांगता खर्ची घालणार. निरोप पाठवण्याची सोय नव्हती. दोन्ही बाजूंनी मी स्वतःशी इतका नेटका वाद घातला की बस निघून गेली, आणि निर्णय माझा न होता बसचा झाला.

दुपारी पश्चिमेकडून ढग आले.

कोंडाजीची बायको चांगुणा अंगणात नागली पाखडत होती. तिने वर पाहिले. "आभाळ आलं का दव पडत नाय, दाजी."

तसे का होते हे मला ठाऊक होते. जमिनीची उष्णता रात्री वर निघून जाते म्हणून पाला गार होऊन त्यावर दव धरते. ढगांचे पांघरूण असले म्हणजे उष्णता अडते आणि पाला कोरडा राहतो. मी हे तिला उलगडून सांगितले. तिने ते ऐकले आणि म्हणाली, "म्हंजे पडत नाय."

"नाही."

"तेच म्हनलं मी."

संध्याकाळी कोंडाजीने सासूबाईंचे फडके आणले. जुन्या लुगड्याचा तो चौकोन चहाच्या रंगाचा झाला होता, आणि कडा वर्षानुवर्षांच्या आंबीने सुक्या कातड्यासारख्या कडक झाल्या होत्या.  आम्ही ते पसरले.

"पहिला पिळा रानाला बरं का, दाजी," तो म्हणाला. "आईचा नेम हाय. पहिलं पिळून मुळाशी सोडायचं, मग बाटली धरायची."

पेल्यावर राग काढता आला नव्हता. तो इथे निघाला. "कोंडाजी, आपण देव सोडले, नवस सोडले, घरातले देवांचे टाक तुझ्या बापाने स्वतः नदीत टाकले. आणि हा एक नेम मागच्या दाराने आत ठेवलास?"

"ह्यात देव कुठं हाय? शेजारणीची वाटी परत करताना आपण मोकळी देत नाय, तसं हाय हे."

"शेजारीण समोर दिसते. ती घेते, ती ओळखते. आभार मानायचे तर ते घेणारे कोणीतरी पलीकडे असावे लागते. इथे पलीकडे कोण आहे? आणि या रानाने तुला असे काय दिले? तुमचे घर गेले, विहीर गेली."

"ते रानानं नाय नेलं, धरणानं नेलं," तो म्हणाला. "रान तर दर साल चार महिने परत येतंय, जेवढं येता येतंय तेवढं." थोड्या वेळाने त्याने विचारले, "आक्काला दुखतंय का लय?"

"हो."



पहाटे ढग फाटले होते, पण उशिरा. फडके नुसते ओलसर होते. मी ते हातांना कळ लागेपर्यंत पिळले, घडी बदलून पुन्हा पिळले. बाटलीच्या तळाशी जेमतेम चार चमचे जमले. त्यातला पहिला पिळा मी रानाला दिला नाही. कोंडाजी शेजारी उभा राहून पाहत होता.  पिळून झालेले फडके घेऊन त्याने ते कुंपणावर सुरकुत्या काढून पसरले, एवढेच. बोटाला लागलेला ओलावा मी चाटला. तोंडाच्या दोन्ही बाजूंना कळ आली. हीच ती.

मी निघालो तेव्हा डोंगरावरून ऊन खाली उतरत होते. ते पट्ट्यावर आले आणि हरभऱ्याच्या प्रत्येक पानावरचा उरलासुरला थेंब एकदम पेटला. पाण्यावर चक्रवाकांची एक जोडी ओरडत होती. मला ते पाहून चीड आली. जगाने आपली शोभा इतक्या बेपर्वाईने मांडून ठेवावी आणि एका बाईच्या पोटात अर्धी वाटी पेज टिकू नये, यात काही न्याय आहे असे कोणी सिद्ध करून दाखवावे. मी मान खाली घालून चालत राहिलो.

दारात सुमनबाई उभ्या होत्या. "कुठं राहिलात हो गुरुजी? काल दोनदा ग्लानी आली त्यांना. शुद्धीवर आल्या की दाराकडे बघायच्या."

वत्सला जागी होती. मी बाटलीचे बूच काढून तिच्या नाकाशी धरले. तिने डोळे मिटले.

"आईच्या फडक्यातली आहे," ती म्हणाली.

मी तिला सगळे सांगितले: सोडा, पेला, ढग. सोड्याचे ऐकताना तिच्या ओठांचा कोपरा हलला. "पेलाभर मारलीत?"

"दीड पेला."

"कोंडा हसला असेल."

"हसला. मग थांबला."

मी चमचा पुसून आणला. तिने विचारले, "पहिला पिळा दिला ना रानाला?"

हो म्हणणे अगदी सोपे होते. एकटा साक्षीदार कोंडाजी दूर होता, आणि त्या एका अक्षराने तिला समाधान झाले असते. पण सव्वीस वर्षांच्या संसारात मी तिच्याशी वाद पुष्कळ घातला होता, खोटे बोललो नव्हतो. आणि आता ती जायला निघाली असताना पहिले खोटे बोलावे हे मला जमले नाही.

"नाही. चारच चमचे निघाले."

"मग त्यातला एक त्याचा."

"इथे रान कुठे आहे, वत्सला?"

तिने मानेनेच खिडकीकडे दाखवले. तिथे डालड्याच्या डब्यात तिने लावलेली शेवंती होती. तीन महिने पाणी घालण्याचे कोणाला सुचले नव्हते, आणि ती वाळून काटकी झाली होती.

"ती मेली आहे," मी म्हणालो. "आणि ही माती इथल्या नदीकाठच्या रोपवाटिकेतली. तिचा त्या रानाशी काही संबंध नाही. चारांतला एक म्हणजे चौथा हिस्सा—"

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही घाला वाद. माझ्यात आता तेवढा दम नाही."

मी उठलो. चमचा भरला, एक थेंब सांडू न देता तिच्या अंगावरून खिडकीपर्यंत नेला आणि डब्यातल्या भेगाळलेल्या मातीवर ओतला. मातीने तो क्षणात पिऊन टाकला.

मग दुसरा चमचा अर्ध्या वाटी कोमट पाण्यात घालून तिला घोट घोट पाजला. तिचा चेहरा आंबटाने आक्रसला. कितीतरी दिवसांत त्या चेहऱ्यावर दुखण्यावाचून दुसऱ्या कशाने सुरकुती पडली नव्हती. मी घड्याळ समोर ठेवले आणि वही उघडली. अकरा वाजून दहा. साडेअकरा. बारा वाजायला दहा कमी. सुमनबाई पातेले हातात धरून दारातच थांबल्या होत्या.

साडेबाराला वत्सला म्हणाली, "पेज आहे का थोडी?"

तिने तांदळाची पेज चार चमचे घेतली. ती टिकली. संध्याकाळी आणखी चार; तीही टिकली. त्या रात्री ती झोपली आणि मी वहीत फक्त वेळ लिहिली; पुढचा रकाना कोरा राहिला. त्या कोऱ्या रकान्याकडे मी जितका वेळ पाहत बसलो तितका वेळ मी कोणत्याही ग्रंथाचे पान पाहिलेले नाही. कोणाचे तरी आभार मानावेत असे फार वाटत होते. पलीकडे कोण आहे, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालेले नव्हते. उत्तराची वाट न पाहता आभार मात्र येऊन बसले होते, आणि त्यांना उठवणे मला शक्य झाले नाही.

दुसऱ्या दिवशी तिसरा चमचा दिला. पेज दोन चमचेच गेली, पण राहिली. तिसऱ्या दिवशी तिला गिळता येईना. बाटली दाखवली तर तिने हाताने परत केली. "राहू दे," म्हणाली. वहीतले रकाने पुन्हा भरू लागले; मग भरायलाही काही उरले नाही. नऊ जानेवारीला, खिडकीत ऊन यायच्या थोडे आधी, ती गेली.

शेवंतीला पालवी फुटली का, असे सुमनबाईंनी मला पुढे एकदा विचारले. नाही फुटली. मी पाणी घालीत राहिलो. ती काटकीच राहिली.

मार्चच्या पहिल्या रविवारी मी बाटली घेऊन घोटीला गेलो. थंडी ओसरली होती. धरण पुष्कळ उतरले होते. हरभरा काढून झाला होता आणि पट्ट्यावर नुसती धसकटे होती. कोंडाजी खालच्या अंगाला, नव्याने उघड्या पडलेल्या गाळात काकडीच्या बिया टोचत होता. मला पाहून तो उभा राहिला, पण वर आला नाही.

मी धसकटांजवळ बसलो. चौथा चमचा बाटलीच्या तळाशी तसाच होता. तो कोणाला द्यायचा आणि तो घेणार कोण, याबद्दल माझी मते बदललेली नव्हती. तरी मी बाटली एका धसकटाच्या मुळाशी उपडी केली आणि शेवटचा थेंब सुटेपर्यंत धरून ठेवली. आंबीचा वास क्षणभर वर आला. मी काहीतरी बोललो असावे, कारण कोंडाजीने खालून विचारले, "काय म्हनलात, दाजी?"

"काही नाही."

तो वर आला, माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि पाण्याकडे हात करून म्हणाला, "आजून दोन हात उतरलं का घराचा उंबरा वर येतो. पंधरा दिस लागतील. आक्का सासरी निघाली तव्हा त्याच्यावरच माप ओलांडून— नाय, ते तुमच्याकडचं. हितं ती नुसती रडत बसलेली."

"मला आठवते. मी घाई करीत होतो. गाडी चुकेल म्हणून."

"चुकली का मग?"

"नाही. ती तासभर उशिरा आली."

तो हसला. मग रिकामी बाटली माझ्या हातातून घेऊन त्याने उन्हाकडे धरून पाहिली. "धुऊन देऊ का? घरी सोडा हाय."

"नको," मी म्हणालो. "पाण्यातनं काढ नुसती."